बत्तीस इंची कंबर आणि गुलाबी बाटली

"पटायचं नाही तुम्हाला," मास्तर म्हणाले, आणि ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचू लागले. टाचण्या तोंडातून बाहेर आल्या की शेजारपाजारचे समजून जात, आता गोष्ट निघणार आणि लांबणार. "आजवर कुणालाच पटलेलं नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं तर तोंडावर जांभई दिली. पण ऐका. माझा संसार एकदा मोडता मोडता वाचला, तो एका पँटमुळे."

गिऱ्हाईक आरशासमोर उभं होतं. त्याच्या नव्या पँटचा एक पाय शिवलेला होता आणि दुसरा नुसत्या टाचण्यांवर तग धरून होता. अशा माणसाला बसता येत नाही, वाकता येत नाही आणि पळून तर मुळीच जाता येत नाही. मास्तरांना श्रोता लागे तो असाच.

चूक गिऱ्हाइकाचीच. आधी त्यानं विचारलं, पुढं बटण लावणार ना? त्यावर मास्तरांनी असं पाहिलं, जणू त्यानं पँटला झालर मागितली होती. "बटण शर्टाला. पँटला हूक. मला शिवण शिकवलं त्या उस्तादांच्या हातून बटणाची पँट गेली नाही, माझ्याही हातून जायची नाही. पुढचं बोला." गिऱ्हाईक बिचारं पुढचं बोललं. "मग कमरेत तरी जरा सैल ठेवा. जेवल्यावर छातीत फार जळजळतं हो. गोळी चघळल्याशिवाय चालतच नाही." झालं. टाचण्या बाहेर आल्या.

तर गोष्ट अशी. मास्तर सांगतात तशी.

त्या काळात मास्तरांच्या पोटात भट्टी पेटलेली होती. सकाळचा चहा खाली उतरायचा आणि काय विसरलं म्हणून लगेच वर बघायला यायचा. दुपारचं जेवण छातीच्या मधोमध बैठक मारून बसायचं. मशीनवर वाकलं की आंबट पाणी घशाशी येऊन उभं, जणू तिथूनच बस पकडायची आहे. आणि ढेकर! एका ढेकराची गाठ निळ्या कोटाशी पडली, तर कोट खांद्यापासून राखाडी होत गेला. गिऱ्हाइकाला तो रंग इतका आवडला, की त्यानं भावासाठीही तसाच मागितला. बोटातलं पितळी अंगुस्तान मास्तरांनी कधी घासलं नाही. त्यावर नुसता उसासा टाकला की चकाकायचं. शेजारच्या सलूनवाल्याला सगळे वस्तराकाका म्हणत. ते शपथेवर सांगत, की भिंतीपलीकडे मास्तरांनी ढेकर दिला की आपल्या आरशावर वाफ धरते आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मिशीचा अंदाज चुकतो.

या आगीवर मास्तरांचा बंब एकच. गुलाबी औषधाची बाटली. एक दुकानात, एक घरी, आणि वाटेत लागलंच तर खडूच्या डबीत चघळायच्या पांढऱ्या गोळ्या. आता शिंप्याचा खडू आणि ती गोळी, दोन्ही गोल, दोन्ही पांढरे, दोन्ही बोटाला लागणारे. व्हायचं तेच झालं. एकदा गडबडीत मास्तरांनी खडू चघळला आणि गोळीनं कापडावर रेघ मारली. मास्तर म्हणतात, दोन्हींचा गुण आला.

पण जळजळ का होते, हे विचारायचं तर त्यांचं उत्तर तयार असे. "हिच्या हाताचं तिखट."

ही म्हणजे मास्तरीणबाई. दुकानात त्यांचं येणं दुपारच्या डब्यापुरतं, पण दुकानातलं काय कुठं हे मास्तरांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. तिखटाचा आळ आला तशी त्यांनी मिरची बंद केली. मग तळण बंद केलं. मग टोमॅटो गेले, कांदा गेला. शेवटी ताटात उकडलेला बटाटा आणि त्याच्या शेजारी दुसरा उकडलेला बटाटा एवढंच उरलं, तरी मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "आज बटाटा तिखट झालाय."

"अहो, इतकी वर्षं याच हाताचं खाऊन वर बोटं चाटत होतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा हात गोड आणि आता तिखट? दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, यातली गत आहे तुमची."

रात्रींचं तर विचारू नका. मास्तर आडवे झाले की खोकला उभा. मास्तर उठून बसत, उशीखाली हात घालत, बाटली खळखळ हलवत, झाकण उघडत, गटकन पीत, आणि 'हुश्श' करून परत आडवे होत. तासाभरानं तेच. मास्तरीणबाई आधी भिंतीकडं तोंड करून झोपल्या, मग कानात कापूस घालून झोपल्या, मग पुढच्या खोलीत जाऊन झोपल्या. तिथंही खळखळ ऐकू येई. बाटली थांबली तरी कानात ती चालूच राही.

एका सकाळी त्या चहा न टाकता समोर येऊन बसल्या. मास्तरांना वाटलं, कुणी गेलं की काय.

"मी लेकीकडं चालले," त्या म्हणाल्या. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारच्या बसनं."

"बरं. किती दिवस?"

"ते तुमच्या बाटलीला विचारा. तुमची नि तिची जोडी शोभून दिसते. उशाशी ती, खिशात ती, डबीत तिची पिल्लं. मी मधे कशाला?"

"अगं, औषध आहे ते!"

"औषध असतं तर एव्हाना संपलं असतं की दुखणं. बाटल्या रिकाम्या होतात आणि दुखणं भरलेलंच. हे होतंय कशानं, असं एकदा तरी कुणा जाणत्या माणसाला विचारलंत? नाही विचारलंत. तुम्ही नुसतं मला विचारता, भाजीत काय घातलंस. बाटलीची गरज संपली की कळवा. येईन."

मास्तर हसण्यावारी न्यायला गेले, पण मास्तरीणबाई हसल्या नाहीत. आणि मास्तरीणबाई हसल्या नाहीत की गोष्ट पक्की, हे मास्तरांना संसाराच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. या घरात साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपण कुठल्या कुशीवर शांत झोपतो हेसुद्धा त्यांना बायकोला विचारावं लागे. ती गेली म्हणजे दुहेरी शिलाईतला एक धागाच गेला. उरलेला धागा दिसायला जागेवर असतो, पण जरा ओढलं की सगळं भसाभसा उसवतं.

तरी आधी ते गेले वस्तराकाकांकडे. शेजारीच वैद्य असताना लांब कशाला जा?

"मास्तर, सोपं आहे," वस्तराकाका गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस निपटत म्हणाले. "पुदिन्याच्या गोळ्या. कडक पुदिना. छातीत गारवा पडतो नुसता."

मास्तरांनी दिवसभर पुदिना चघळला. गारवा पडला, अगदी घशापर्यंत. आणि मग त्या गारव्याच्या पाठोपाठ, दार उघडंच आहे म्हटल्यावर घुसतात तशी, पोटातली सगळी मंडळी वर आली. त्या दिवशीचा ढेकर थंडही होता आणि आंबटही. दुकानात एक बिनडोक्याचा पुतळा होता, कोट अडकवून ठेवायचा. मास्तर म्हणतात, त्यानंही मान फिरवली. मान नव्हती, तरी फिरवली.

तेव्हा कुठं मास्तर डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई बोलायला तोडून आणि हाताला मऊ. त्यांनी आधी छातीचा आलेख काढला, कारण छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचं हृदय आधी बघावं लागतं. मग विचारलं, घास अडकतो का, वजन आपोआप उतरतंय का, शौचाला काळं होतं का, उलटीत रक्त दिसलं का. "यातलं काहीही झालं तर घरी बसायचं नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, तडक इकडं यायचं." यातलं काहीच नव्हतं. मास्तरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडा अपमानही वाटला. एवढं दुखणं, आणि त्याला जरा वजनदार लक्षण नसावं?

"हे बघा मास्तर," त्या म्हणाल्या. "घशातून उतरलेली नळी जिथं पोटाला मिळते, तिथं एक झडप असते. घास आत गेला की मिटते. पायजम्याचं इलॅस्टिक समजा."

"आणि ते सैल झालंय."

"नको तेव्हा सैल पडतंय."

"मग बदलून टाका की!" मास्तर आनंदानं म्हणाले. "इलॅस्टिकला काय लागतं?"

"आतलं शिवणकाम इतक्यात नको. आधी सांगा, दुपारी जेवून काय करता?"

"कापायच्या टेबलावर जरा पाठ टेकतो."

"आणि उठलात की?"

"मशीन. शिंपी वाकणार नाही तर काय झाड वाकणार?"

"रात्री?"

"दुकान मिटवून जायला उशीर होतो. मग पोटभर जेवतो आणि पडतो."

"चहा?"

"गिऱ्हाईक आलं की."

"गिऱ्हाइकं किती येतात?"

"कृपा आहे!" मास्तर हात जोडून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "गच्च भरलेली पिशवी घ्यायची, तोंडाची दोरी सैल ठेवायची आणि ती आडवी टाकायची. काय होईल? सांडेल. चहा-कॉफी, चॉकलेट, सिगारेट, तळकट, आणि हो, पुदिनासुद्धा, यांनी ती दोरी आणखी सैल पडते. सगळ्यांना सगळं बाधत नाही, तुम्हाला काय बाधतं ते तुम्ही बघायचं. तुमची गुलाबी बाटली पोटातला आंबटपणा मोडते, पण सांडणं काही थांबवत नाही. कधीमधी घेतली तर माझी ना नाही. पण रोज लागते, महिनोन्‌महिने लागते, म्हणजे खिसा फाटलाय आणि तुम्ही वरून इस्त्री फिरवताय."

ही उपमा मास्तरांच्या काळजाला भिडली. ते मान डोलावत होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची नजर खाली आली.

"आणि ही पँट. फार घट्ट आहे. पोट आवळलं की आतलं वर ढकललं जातं."

मास्तर खुर्चीतून उठले. उठताना आंबट पाणी घशाशी आलं, ते त्यांनी स्वाभिमानानं गिळलं. "डॉक्टरीणबाई, घट्ट नाही, याला फिटिंग म्हणतात. बत्तीस. लग्नात बत्तीस होती, आज बत्तीस आहे. गावभर विचारा."

"मग एकदा तुमच्या पोटालाही विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठरल्या मुदतीपुरत्या गोळ्या लिहून देत त्यांनी बजावलं, की या मनानं चालू ठेवायच्या नाहीत, मनानं बंदही करायच्या नाहीत, आणि पुढच्या वेळी येताना सैल पँटमध्ये यायचं.

इथं मास्तरांच्या बत्तिसाची हकिगत सांगायला हवी. दुकानाच्या भिंतीवर उस्तादांचा फोटो होता, आणि फोटोखालच्या खिळ्याला उस्तादांचा कापडी टेप टांगलेला होता. टेपच्या खालच्या टोकाला उस्तादांचीच जड लोखंडी कातर बांधलेली. मानाच्या दोन वस्तू, एकाच खिळ्यावर. गिऱ्हाइकाचं माप मास्तर नव्या टेपनं घेत. पण स्वतःसाठी पँट शिवायची वेळ आली की हातपाय धुऊन, कातर सोडवून, तो मानाचा टेप कमरेला लावत. बत्तीस! मग टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन कापडावर बत्तिसाच्या खुणा करत, कापत, शिवत, टेपला परत कातर बांधत. पँट चढवताना भिंतीला पाठ लावून, श्वास सोडून, डोळे मिटून हूक अडकवावा लागे. मास्तर म्हणत, उस्तादच सांगायचे, चांगलं फिटिंग असंच असतं, सहज थोडंच मिळतं?

तर कंबर सोडून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बाकी सगळं करायचं, असं मास्तरांनी ठरवलं. शनिवार डोक्यावर होता.

पलंगाची उशाकडची बाजू उचलायची होती. मास्तरांनी माळ्यावरच्या दोन जुन्या कोळशाच्या इस्त्र्या काढून उशाकडच्या पायांखाली घातल्या. सकाळी बघतात तर उशी वर एकटीच झोपलेली आणि मास्तर पायथ्याशी गोळा होऊन पडलेले, भिंतीला टाचा लावून. मग इस्त्र्या काढून त्यांनी एक उतरती गादीच शिवली, उशाकडं जाड आणि पायांकडं पातळ. आत कोटांच्या खांद्यांची पॅडं भरली. मास्तर सांगतात, एवढे खांदे पाठीशी असल्यावर माणसाला झोप लागणारच. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी सदऱ्याच्या उजव्या कुशीला सुताचं एक रिकामं रीळ शिवून घेतलं. उजवीकडं वळले की रीळ टोचे, मास्तर गुमान डावीकडं.

रात्रीचा डबा ते उजेडातच दुकानात खाऊ लागले, भूक ठेवून. घरी जाईपर्यंत तो खाली उतरलेला असे. दुपारी जेवून टेबलावर पडायचं सोडलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारू लागले. जेवल्यानंतर बिनपुदिन्याचं च्युइंग गम चघळायचं, त्यानं तोंडाला लाळ सुटते आणि आंबट पाणी खाली धुऊन जातं, हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं. आता गम तोंडात आणि टाचण्या ओठांत, दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे सर्कस. एका साहेबांच्या कोटाच्या आतून पुढं बरेच दिवस काहीतरी चिकटत होतं म्हणतात.

आणि गुण आला! खोकला बसला. रात्रीची खळखळ बंद झाली. मास्तरीणबाई पुढच्या खोलीतून एकदा मधल्या दारापर्यंत आल्या, कान देऊन उभ्या राहिल्या, आणि परत गेल्या. मास्तरांना वाटलं, जिंकलो.

पण दिवसा मशीनवर वाकले, की छातीत तीच ठिणगी. खोकला गेला, ढेकर उरला. डॉक्टरीणबाईंचं वाक्य कानात वाजे आणि मास्तर त्याच्यावर उस्तादांचं वाक्य वाजवत. शेवटी हात बाटलीकडं जाईच. घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी बाटली पुतळ्याच्या खांद्यांमधल्या भोकातून आत सोडून ठेवली. सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो?

शुक्रवारी मास्तरीणबाई डबा घेऊन आल्या. दुकानात केर काढताना त्यांनी पुतळा सहज उचलून बाजूला ठेवला.

पुतळ्याच्या पोटातून आवाज आला. खळखळ.

मास्तरीणबाईंनी पुतळ्याकडं पाहिलं. मग मास्तरांकडं. "यालाही पित्त झालंय वाटतं," त्या म्हणाल्या. "साथच आलेली दिसते." आणि डबा ठेवून निघून गेल्या. संध्याकाळी घरी खुंटीवर बॅग भरलेली होती. त्यावर बसचं तिकीट टाचलेलं होतं, मास्तरांच्याच टाचणीनं.

शनिवार उजाडला. मास्तरीणबाई बॅग घेऊन बसथांब्यावर गेल्या. बसथांबा दुकानासमोरच्या रस्त्याच्या टोकाला, दुकानातून दिसणारा. मास्तर मशीनवर बसले. तोंडानं 'जा, जा, खुशाल जा' चाललेलं आणि डोळे थांब्यावर. बस आली. मास्तरीणबाईंनी पायरीवर पाय ठेवला. मास्तरांच्या हातातली कातर घसरली आणि खाली पडली.

मास्तर कातर उचलायला वाकले. पूर्ण वाकले. पोटातून तो ढेकर निघाला, सगळ्या ढेकरांचा बाप. वर जायला निघाला, तर मधे मास्तरांनी दात आवळून धरलेले. मागं फिरला, तर खाली बत्तिसाचा पट्टा. ढेकरानं दोन्हीकडची वाट बघितली आणि जिकडं शिलाई जुनी तिकडं जोर लावला.

फट्‌!

पँटचं बटण सुटलं. सुटलं म्हणजे काय, गोळीसारखं गेलं. आधी भिंतीवरच्या घड्याळाला लागलं, त्यात दोन वाजले. तिथून उसळून दारातून बाहेर, शेजारी वस्तराकाकांच्या आरशावर. आरसा तडकला नाही, पण खुर्चीतल्या माणसाची अर्धी मिशी तेवढ्यात उतरली. तिथून रस्त्यावर, खांबाला वळसा घालून, थेट बसच्या पुढच्या चाकात. फुस्स! बस जागच्या जागी एका बाजूला बसली. ड्रायव्हर खाली उतरून बघतो, तर टायरमध्ये चार भोकांचं काळं बटण, दोरा अजून तसाच लोंबतोय.

आणि इकडं मास्तर वाकलेलेच होते. पण छातीत काही नव्हतं. जळजळ नाही, ठिणगी नाही, घशाशी कुणी उभं नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या दुकानाचं शटर कुणीतरी वर करावं तसा श्वास आत आला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग लक्षात आलं, की बस अजून गेलेली नाही. ते एका हातानं पँट धरून धावत सुटले.

मास्तरीणबाई पायरीवरच होत्या. सगळी बस खिडकीतून बघत होती.

"अगं, गेली!" मास्तर ओरडले.

"बस कुठं गेली? उभीच आहे."

"जळजळ गेली!"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बॅग खाली घेतली. कारण एका हातात पँट असलेल्या नवऱ्याला रस्त्यात सोडून कुणी लेकीकडं जात नाही.

दुकानात परत आल्यावर चौकशी बसली. वस्तराकाकाही वस्तरा हातात घेऊन आले, मागं अर्ध्या मिशीचा माणूस. मास्तरांनी हातपाय धुतले, उस्तादांचा टेप काढला, कमरेला लावला. "बघा! बत्तीस. एक सूत इकडं नाही."

"मग कापड आटलं असेल," वस्तराकाका म्हणाले.

मास्तरीणबाईंनी टेप त्यांच्या हातातून घेतला आणि टेबलावरच्या लाकडी पट्टीशेजारी ताणून धरला. टेपचा बत्तीस पट्टीच्या सदतिसापाशी जाऊन थांबला. त्यांनी खिळ्याकडं पाहिलं. खिळ्याखाली ती जड कातर होती. वर्षानुवर्षं टेपच्या टोकाला लटकून तिनं त्याला रोज कणाकणानं ओढलं होतं. टेप लांबत गेला, मास्तर रुंदावत गेले, दोघं इतके जोडीनं वाढले की कुणालाच पत्ता लागला नाही. कमरेचं माप ताणलेल्या टेपनं घ्यायचं आणि कापड खऱ्या पट्टीनं कापायचं. सदतिसाची कंबर मास्तर दर वर्षी नव्यानं बत्तिसात कोंबत होते, आणि वर म्हणत होते, बटाटा तिखट झालाय.

"पोटात एक आणि पट्टीवर एक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तर असं झालं बघा," मास्तर आरशासमोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "आता माझ्या कमरेत दोन बोटं सरळ जातात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यासुद्धा हळूहळू बंद केल्या. त्या गुलाबी बाटलीत मी मशीनचं तेल भरून ठेवलंय. तुम्हालाही सैल शिवून देतो, रात्री लवकर जेवा, आणि तरी जळजळ राहिली तर त्या बाईंना जाऊन दाखवा. पण खरं सांगू? मला वाचवलं कुणी? ना डॉक्टरनं, ना औषधानं. त्या एका बटणानं! ते बटण बसच्या ड्रायव्हरनं आजही काचेपाशी टांगून ठेवलंय. जाऊन विचारा!"

गिऱ्हाइकानं तोंड उघडलं होतं. त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं, पण टाचण्यांमुळे त्याला जोरानं बोलायचं धाडस होत नव्हतं.

त्याची गरजही पडली नाही. दारात मास्तरीणबाई डबा घेऊन कधीच्या उभ्या होत्या.

"अहो, कुठलं बटण?" त्या म्हणाल्या. "जन्मात कधी पँटला बटण लावलंत तुम्ही? हूक होता तो! आणि कुठली बस नि कुठलं काय, शुक्रवारी रात्रीच आलात माझ्या बॅगेपाशी. 'ओढ गं, मला सुटत नाहीये' म्हणून भिंत धरून उभे होतात, आणि हूक काढला या हातानं. पुढं काय म्हणालात तेही सांगा की यांना. 'सदतीस म्हण, चाळीस म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण तू जाऊ नकोस!'"